आतली मूठ

४ फेब्रुवारी

बाईंनी लिहायला सांगितलंय म्हणून लिहितोय. बाई म्हणजे बायकोच्या हॉस्पिटलातल्या समुपदेशक. "घडेल ते लिहा, मनात येईल ते लिहा, कुणाला दाखवू नका," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी कुलूप-किल्लीवाला माणूस, मला पावतीपलीकडे लिहायची सवय नाही. त्या हसल्या नाहीत. कुलपांच्या कंपनीने वाटलेली ही डायरी दुकानात कोरीच पडली होती, ती घरी आणली.

तर झालं असं. गेल्या आठवड्यात शाळेतून दुकानावर फोन आला, तुमची मुलगी आजारी आहे का, बरेच दिवस दिसली नाही. हातातलं गिऱ्हाइकाचं कुलूप तसंच उघडं टाकून मी घराकडे पळालो. पोरगी रोज सकाळी गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, आजोबांना टाटा करून निघत होती. सापडली आमच्याच इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. मांडीवर टॅब. मी समोर उभा राहिलो तरी तिला दिसलो नाही. हाक मारली तरी नाही. टॅब हिसकावला तेव्हा माझ्या मनगटाला कडाडून चावली. खूण अजून आहे.

हिला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. आता बाराव्या वर्षी तासन्‌तास हलत नाही, नुसते अंगठे हलतात. टॅब आम्हीच घेऊन दिला. मी दिवसभर दुकानात, बायको नर्स, तिच्या पाळ्या, घरात फक्त आप्पा, म्हणजे माझे वडील, तेही दम्याने बेजार. पोर शांत बसतंय म्हणून आम्ही दोघं खूश होतो. डोळे असून आंधळे.

बायकोने जाहीर केलंय, परीक्षेपर्यंत सुधारली तर ठीक, नाहीतर भिंगरी मावशीच्या गावच्या वसतिगृहात जाईल. मावशी म्हणजे बायकोची थोरली बहीण, त्याच शाळेत शिकवते. हॉस्पिटलात बायकोला सगळे सिस्टर म्हणतात, आणि घरातही ती सिस्टरच्याच आवाजात बोलते. ओरडत नाही. ताप किती आहे ते सांगावं तसं सांगते, आणि मग त्यात बदल होत नाही.

मी पोरीला पाठवणार नाही. हे इथे लिहून ठेवतो.

६ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या होत्या, टॅबची सवय एकदम तोडू नका, रोज ठरावीक वेळ द्या आणि वेळ संपली की तुम्ही तिच्यासोबत बसा. आता दारुड्याला कोणी रोज एक पेला ठरवून देतं का? मी माझा निर्णय घेतला. परीक्षा संपेपर्यंत टॅब बंद. दुकानातल्या जुन्या गल्लापेटीत ठेवला, कुलूप घातलं, पेटी कपाटावर चढवली. चार्जर दुकानात नेला. माझ्या कामाच्या जुन्या फोनला तीच रुंद पिन लागते आणि माझा चार्जर मोडला होता. घरात दुसऱ्या कुणाच्या फोनला ती पिन बसत नाही, तेव्हा अडचण नाही.

"टॅबच दुकानात न्या ना," बायको म्हणाली.

"डोळ्यासमोर असून हात लावायचा नाही, याला संयम म्हणतात," मी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. माझ्या घरात माझं कुलूप कोण उघडणार?

भिंगरीने जेवणाचं ताट ढकललं. आप्पांनी खाली वाकून सांडलेलं गोळा केलं, त्यात त्यांना धाप लागली, मग पंपाचे दोन फवारे मारावे लागले.

१० फेब्रुवारी

घरात पाऊल ठेववत नाही. पोरीचे अंगठे रिकाम्या हवेतच हलतात. शाळेत जाते, मी स्वतः फाटकापर्यंत सोडतो, पण येते ती भिंतीकडे तोंड करून पडते. आज न्हाणीघराची कडी लावून आत रडत बसली. मी बाहेर उभा. जगातल्या कुठल्याही दाराबाहेर मी असा बावळटासारखा उभा राहिलो नसेन.

बाहेर आल्यावर विचारलं, "एवढं काय आहे गं त्या खेळात?"

"तिथे सगळे माझी वाट बघत असतील."

"सगळे कोण?"

"आमची टीम. मी नसले की ते हरतात."

"आणि इथे?"

"इथे काय?" ती म्हणाली. उद्धटपणे नाही. तिला खरंच प्रश्न कळला नव्हता.

१३ फेब्रुवारी

आज दुकानातून लवकर आलो तर भिंगरी पलंगाखाली, तोंडावर निळा उजेड. पेटी उघडी. कुलूप शेजारी व्यवस्थित ठेवलेलं, तोडलेलं नाही. आईच्या केसातल्या दोन पिना वाकवून उघडलं! मी ओढून बाहेर काढली तेव्हा टॅबवर लाल रेघ लुकलुकत होती. माझ्या हातातच तो बंद पडला.

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. लहानपणी दुकानात बसायचे तेव्हा बघितलंय."

खरं आहे. पाळणाघर परवडेना तेव्हा गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसवून ठेवायचो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि दिल्या कुणी, तर मीच.

ओरडलो खूप. आप्पा मधे पडले. बायको दुपारपाळीला होती. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आजच मावशीला फोन गेला असता.

१५ फेब्रुवारी

ते कुलूप तसंही पोरखेळच होतं. आज चांगलं आणलं, आत पाच पिना असलेलं, पाचही नेमक्या बसल्या तरच उघडणारं. आणि किल्लीच्या भोकावर मेणाचा बारीक ठिपका लावला. कोणी काही खुपसलं की मेण फुटणार. डोळ्यात तेल घालून बघणार.

दुकानात आज एक फर्निचरवाला आला होता. म्हाताऱ्या आईच्या खोलीला बाहेरून लागेल आणि आतून उघडणार नाही असं कुलूप हवं म्हणे. आई भटकते, शेजाऱ्यांकडे जाऊन बसते, लाज वाटते. मी म्हटलं, "साहेब, माणूस आत असेल त्या दाराला आतून मूठ पाहिजे. आपलं पहिलं आणि शेवटचं तत्त्व आहे ते. तुम्ही दुप्पट दिलेत तरी नाही." तो वर मलाच अक्कल शिकवायला लागला, तेव्हा शटर ओढून घ्यायची धमकी दिली. असल्या माणसांना आतून मूठ नसलेल्या खोलीत एक दिवस ठेवलं पाहिजे.

२० फेब्रुवारी

मेण फुटलं!

कुलूप परत जसंच्या तसं लावलेलं. पेटीत टॅब. बटण दाबून बघितलं, पार उतरलेला, जरासुद्धा जीव नाही. म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत खेळली बया. कधी खेळली? आप्पा दुपारी झोपतात तेव्हा? आप्पांना विचारलं तर म्हणतात, "मला तर ती अभ्यास करताना दिसते." आप्पा तिच्या बाजूचे, त्यांची साक्ष काय कामाची?

कुलूप दुकानात नेऊन उघडलं, भिंगाखाली पिना बघितल्या. बारीक ओरखडे आहेत. पहिल्या दोन पिनांवर खूप, म्हणजे चाचपडली. पुढच्या तिघींवर कमी. हात बसलाय. नवशिक्या कारागिराला एवढं यायला महिने लागतात.

आज दोन वाट्या भात मागून घेतला तिने. बरोबरच आहे, खेळायला मिळालं की भूक लागणारच. बायको मात्र खूश. "बघा, जेवायला लागली." मेणाचं सांगितलं नाही. माझ्याच घरात मी चोरावर पांघरूण घालतोय.

२३ फेब्रुवारी

काल आणि परवा जेवणाच्या टेबलावर बसून नवीन कुलूप घडवलं. दोन पिना खोट्या. बसल्यासारख्या वाटतात, बसत नाहीत. शेरास सव्वाशेर. कानस चालवताना भिंगरी समोर वही घेऊन बसली होती. वहीत कमी आणि माझ्या हातांकडे जास्त बघत होती.

"बाबा, किल्लीला दात का असतात?"

"तुला चावायला."

हसली. किती दिवसांनी हसली. मग म्हणाली, "सांग ना खरं."

मी काय दूधखुळा आहे? हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? "अभ्यास कर," म्हणालो आणि कुलूप फडक्याखाली झाकलं. ती उठून आत गेली.

बायको स्वयंपाकघरातून बघत होती. "तुम्ही नक्की कुणाशी भांडताय?" म्हणाली.

"खेळाशी," मी म्हटलं.

"कुठल्या?"

आता टॅबवर एकच तर खेळ आहे. कधीकधी बायको काय विचारते कळत नाही.

२७ फेब्रुवारी

कुलूप उघडलंच नाही. बिजागऱ्यांच्या सळ्या ठोकून काढल्या आणि पेटी मागच्या बाजूने उघडली! कुलूप पुढे तसंच लटकतंय, मेण शाबूत, आणि मी दोन दिवस बेसावध. सळीला ठोकल्याचा चट्टा दिसला म्हणून कळलं.

आप्पांना सांगितलं तर हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. "तू तिच्या वयाचा होतास तेव्हा माझ्या सायकलचं कुलूप उघडून कुठे गेला होतास, आठवतंय?" म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, विषय बदलू नका.

टॅब परत उतरलेला. संताप होतो. आणि संतापात सुद्धा मी मनातल्या मनात बिजागऱ्यांवर काय इलाज करायचा ते ठरवत होतो. दुकानात गिऱ्हाईक उभं, माझा फोन चार्जरला लावलेला, वाजतोय, आणि मी पाकिटाच्या पाठीवर दाराचं चित्र काढतोय. मागच्या खोलीतलं अडगळीचं दार. तिथे ठेवतो आता पेटी. बघू.

३ मार्च

बाईंकडे गेलो, तिघंही. भिंगरीला आधी एकटीला आत घेतलं, मग आम्हाला. बाई म्हणाल्या, फरक दिसतोय. वर्गशिक्षिकेनेही कळवलंय, नियमित येते, हात वर करते. "घरी काय बदल केलात?"

"टॅब काढून घेतला," मी म्हटलं.

"काढून घेणं सोपं असतं. त्या जागी काय ठेवलंत?"

"कुलूप."

बायकोने कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "असं. त्याबद्दल जरा सांगा." काय सांगणार? पोरगी प्रत्येक कुलूप उघडते, टॅब संपेपर्यंत खेळते आणि शाळेत हात वर करून तुम्हाला फसवते, हे बायकोसमोर कसं सांगू? म्हटलं, "सांगण्यासारखं काही नाही." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय जातंय विचारायला.

८ मार्च

सगळं फिसकटलं.

अडगळीच्या दाराला मी खटक्याचं कुलूप बसवलं होतं. दार नुसतं ओढून घेतलं की लागतं, बाहेरून किल्ली, आतून मूठ. लाकडावर लोखंडी पत्रा मारला. कुलूप असं घडवलं की माझं मलाच किल्लीशिवाय उघडायला अर्धी दुपार लागली. भिंगरीने तीन-चार दिवस प्रयत्न केला असणार, ओरखडे आहेत, पण जमलं नाही. मग तिने काय करावं? दारावरच्या झरोक्यातून दोरीचा फास आत सोडला, आतल्या मुठीत अडकवला आणि ओढून मूठ फिरवली.

आणि नेमकी आज बायको डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आली. दार सताड उघडं, पोरगी जमिनीवर, मांडीवर पेटी. बायकोने मला फोन केला. "या घरी," एवढंच.

मग सगळं बाहेर आलं. मेण, बिजागऱ्या, सगळं. मी लपवलं हेही. भिंगरी एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या, बायको मधे.

"मी खेळत नव्हते," भिंगरी म्हणाली.

"खोटं बोलू नकोस!" मीच ओरडलो. आईसमोर तिची बाजू सावरायची सोडून मीच. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही बोललीच नाही.

"मी ताईला फोन करते," बायको म्हणाली. "परीक्षेनंतर नाही. पुढच्या आठवड्यात."

मी हातापाया पडलो म्हणायला हरकत नाही. शेवटी एक संधी पदरात पडली. पुन्हा दार उघडलं तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मावशीकडे. माझा स्वतःवर आणि कुलपांवर विश्वास राहिला नव्हता, म्हणून मी भिंगरीचा हात माझ्या डोक्यावर ठेवून घेतला. "म्हण, बाबाची शपथ, या घरातल्या कुठल्याही कुलपाला हात लावणार नाही."

ती हात मागे घ्यायला लागली. शपथेला ती फार घाबरते. पाचवीत मैत्रिणीने गंमत म्हणून आईची शपथ घातली होती, तर पोरगी महिनाभर चॉकलेटला शिवली नव्हती. मी हात धरून ठेवला.

"म्हण."

म्हणाली. हळू, पण म्हणाली.

मग मी अडगळीच्या दाराची आतली मूठ काढून टाकली. भोकावर पत्र्याची पट्टी ठोकली. मूठच नाही तर दोरी कशाला अडकवशील? माझ्या हातून एवढं चोख काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

१६ मार्च, रविवार

आजचं लिहायलाच हवं.

सकाळी एका कचेरीच्या तळघरातली तिजोरी उघडायचं काम होतं. साहेबाने किल्ली हरवलेली. रविवार असूनही गेलो. निघताना घाई झाली, अडगळीतून ड्रिल घेतलं आणि दार नुसतं लोटलं, ओढून घेतलं नाही. किल्ली माझ्या खिशात. बायको ड्यूटीवर.

तळघरात फोन लागत नाही. वर आलो, हात धुतले, साहेबाने चहा दिला, तो प्यायलो. मग फोन बघितला. घरून फोन, घरून फोन, घरून फोन. खालपर्यंत तेच. लावला तर कोणी उचलेना.

घरी पोचलो तर आप्पा खुर्चीत बसलेले, ओठ अजून निळसर, हातात पंप. शेजारचे काका त्यांची पाठ चोळत होते. बायको माझ्या मागोमाग धावतच आली आणि तिने आधी आप्पांची नाडी धरली, मग माझ्याकडे बघितलं.

काकांनी सांगितलं. आप्पा घडीची खुर्ची आणायला अडगळीत शिरले आणि मागे दार लागलं. पंप पलंगाजवळ. आत धूळ, हवा नाही, म्हातारा घाबरला आणि दमा उसळला. आतून चाचपडत राहिले, मूठ कुठे, मूठ कुठे. भिंगरी धावत काकांकडे गेली. काकांनी दाराला खांदा मारून बघितला. माझा पत्रा तो, हलतोय कशाला? झरोक्यातून पंप आत टाकावा, तर तो अडगळीत कुठे मागे पडला, आप्पांना सापडेना. काका पहार आणायला खाली गेले. परत आले तर दार उघडं, आप्पा उंबऱ्यात, भिंगरी औषधांच्या डब्यातला जादा पंप त्यांच्या तोंडाला लावून बसलेली. काकांना बघितलं तशी उठली आणि पायात चप्पल न घालता बाहेर पळाली.

दार बघितलं. कुलूप शाबूत. दोन वाकवलेल्या केसांच्या पिना खाली पडलेल्या. जे कुलूप तिला तीन-चार दिवस खटपट करूनही जमलं नव्हतं, ते.

"पोरगी कुठे गेली?" बायको म्हणाली.

मला ठाऊक नव्हतं, पण पाय दुकानाकडे वळले. शटर बंद, रस्त्यावर रविवारची शांतता. भिंगरी पायरीवर बसलेली, गुडघ्यात डोकं. माझी चाहूल लागली तशी उभी राहिली, पण जवळ येईना. लांबूनच मला खालपासून वरपर्यंत बघत होती.

"बाबा, तू आहेस?"

"आहे म्हणजे? आहे की."

"तुला काही दुखतंय का?"

"नाही गं."

"छातीत? नक्की?"

मला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिने सांगितलं. रडत नव्हती, एका दमात सांगितलं.

"मी शपथ मोडली. आजोबा आतून म्हणत होते, सुटली, सुटली, उघड तू. पण शपथ तू घातली होतीस, त्यांच्या म्हणण्याने कशी सुटेल? म्हणून तुला फोन लावत होते. तू एकदा 'सुटली' म्हणाला असतास तर लगेच उघडलं असतं. तू उचलतच नव्हतास. मग आजोबांचा आवाज यायचा बंद झाला. मग मी उघडलं. आणि तू तरीही उचलत नव्हतास. मला वाटलं, झालंच."

ते सगळे फोन मदतीसाठी नव्हते. परवानगीसाठी होते. तिकडे माझा बाप आत घुसमटतोय आणि इकडे माझी पोर हातात पिना घेऊन दाराशी उभी, मला मारायचं की त्यांना, हे ठरवत. आणि मी चहा पीत होतो.

"मी आधीच उघडायला पाहिजे होतं ना?" तिने विचारलं. "मी उगाच थांबले ना?"

मी तिला जवळ ओढलं. "सुटली," म्हणालो. "आजची, कालची, आजवरची, सगळी सुटली." रस्त्यात उभा राहून किती वेळा म्हणालो देव जाणे. ती माझ्या छातीला कान लावून ऐकत होती.

परत येताना तिला उचलून घेतली, अनवाणी होती म्हणून. अर्ध्या वाटेत म्हणाली, "उद्याची गाडी किती वाजता आहे?"

"कुठली गाडी?"

"मावशीकडची. मी दार उघडलं ना."

१७ मार्च

आप्पांना रात्री हॉस्पिटलात ठेवलं होतं, आज सकाळी घरी आणलं. बरे आहेत. अडगळीच्या दारापाशी थांबले, पट्टीवरून हात फिरवला आणि पुढे गेले. त्या फर्निचरवाल्याला मी तोंड भरून शिव्या दिल्या होत्या. त्याने नुसतं मागितलं होतं. मी तर बसवलं.

दुपारी बायको पेटी घेऊन बसली. "हे एकदाचं कुणाला तरी देऊन टाकू," म्हणाली. देण्याआधी चालतो का बघावं म्हणून बटण दाबलं. अर्थातच उतरलेला.

"चार्जर कुठाय?"

"दुकानात."

"कधी नेला?"

"पहिल्याच दिवशी. माझ्या फोनला लागतो ना."

तिने टॅब खाली ठेवला. "आणि हा बंद कधी पडला?"

"तेरा तारखेला. माझ्या हातातच पडला."

"मग त्यानंतर ती कशावर खेळत होती?"

ही डायरी आणून मागची पानं चाळली. वीस तारीख. सत्तावीस तारीख. जरासुद्धा जीव नाही, असं माझ्याच अक्षरात लिहिलंय. पिनांवरचा एकेक ओरखडा भिंगातून बघणारा मी.

भिंगरी आत आजोबांजवळ बसली होती. मी जाऊन जमिनीवर बसलो.

"पेटी उघडून काय करायचीस गं?"

"काही नाही. परत लावायचे."

"का?"

तिने मलाच वेडा ठरवल्यासारखं बघितलं. "मग तू नवीन बनवायचास ना. आधीच्यापेक्षा अवघड. माझ्यासाठी." मग म्हणाली, "मला वाटलं तुला माहितीये आपण खेळतोय ते."

आप्पांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोपले नव्हते.

संध्याकाळी बायकोने बहिणीला फोन लावला. मी दाराआडून ऐकत होतो, लाज सोडून. "ताई, जागा राखून ठेवू नकोस," म्हणाली. मग बराच वेळ पलीकडचं ऐकत होती आणि शेवटी नुसतं, "नाही गं. आम्हीच घरी नव्हतो," असं म्हणाली.

१९ मार्च

अडगळीच्या दाराला मूठ बसवली. स्क्रू भिंगरीने पिळले. मग तिला आत उभी केली आणि मी बाहेरून दार ओढून घेतलं. खटका वाजला, मूठ फिरली, ती बाहेर आली.

"पुन्हा," म्हणाली.

मग आप्पांनाही आत जाऊन बाहेर यायला लावलं.

५ एप्रिल

परीक्षा झाली. गणित बुडालं असावं असं ती स्वतःच म्हणते.

टॅब दिला नाही कुणाला. चार्जर घरी आणला. बाईंचं पहिल्या दिवशीचं म्हणणं आता ऐकतोय, रोज ठरावीक वेळ, आणि वेळ संपली की मी तिच्याबरोबर. त्यासाठी दुकान लवकर बंद करतो. गिऱ्हाईक बोंबलतं, बोंबलू दे. टेबलाच्या एका बाजूला मी, एका बाजूला ती, मधे सुटी केलेली कुलपं. किल्लीला दात का असतात ते सांगितलं. तिला आधीच माहीत होतं, तरी ऐकून घेतलं.

पण सगळं गोड झालंय असं नाही. आज टॅबची वेळ संपली तेव्हा देईना. अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं. डोळे पुन्हा तसेच, गच्चीवरचे. माझ्या मनगटावरची खूण दुखल्यासारखी वाटली. बायकोने शांतपणे हात पुढे केला आणि तो तसाच धरून उभी राहिली. शेवटी भिंगरीने टॅब तिच्या हातावर आपटला, "तुम्ही दोघं वाईट आहात" म्हणाली, तरातरा तिच्या खोलीत गेली आणि दार धाडकन लावून घेतलं.

बायको उठायला लागली. मी म्हटलं, बस. त्या दाराला आतून मूठ आहे.

टेबलावर दोघांची कुलपं मांडून ठेवली आणि वाट बघत बसलो.